बीए बडोद्यात की पुण्यात?

बीएचं पहिलं वर्ष मी दोनदा केलं. एकदा पुण्यात, मग परत येऊन बडोद्यात. नापास झालो नव्हतो. म्हणून बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात कुणाच्या मुलीला आर्ट्सला जायचं असलं की आईवडील मला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

जुनेपणावरून निवाडा होणार नाही. बडोदा कॉलेज १८८१ चं, फर्ग्युसन १८८५ चं आणि दोन्ही शहरांची विद्यापीठं १९४९ ची. फरक आहे तो रचनेत. पुण्यात विद्यापीठ एकीकडे आणि कॉलेजं गावभर. बडोद्यात जुनं कॉलेजच विद्यापीठात सामावलं आणि आर्ट्स फॅकल्टी झालं. त्याआधी परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे. म्हणून तर १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी विनोबा इथून मुंबईला निघाले, आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. अरविंद घोष याच कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत. वास्तुविशारद चिझमने बांधलेला कॉलेजचा तो घुमट सगळ्यांना ठाऊक आहे, पण विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, हे मुलींना मी मुद्दाम सांगतो.

पुण्याच्या बाजूनेही बोलायला हवं. बीए मराठीतून लिहिता येतं. आपल्याकडे शिकवणं इंग्रजीतून, आणि मराठी शाळेतून आलेल्याला पहिले काही महिने जड जातात. नाटकाचं वेड असेल तर पुरुषोत्तम करंडकासारखं वातावरण इथे नाही. ज्याला स्टेजवरच उभं राहायचंय त्याला मी पुण्यालाच जा म्हणेन.

मग मी का परतलो? बसायला जागा नव्हती म्हणून.

कारण किरकोळ वाटेल, पण वर्ष त्यातच गेलं. त्या कॉलेजचं नाव नको. आमची लेक्चरं सकाळी साडेसातला सुरू होत. साडेअकराला शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा राही, "चला, वर्ग खाली करा." दुपारी तिथे दुसरे कोर्स भरत. वाचनालयात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या पिशव्या सकाळपासून खुर्च्या धरून असत. जिन्यात बसलं तर वाट अडते म्हणून उठवत. शेवटी आम्ही चौघं पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी स्कूटरवर बसून फ्रेंच राज्यक्रांतीवर वाद घालायचो. तोही मालक येईपर्यंत. सर शिकवत उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिकवलेलं मनात मुरायला जी दोन तास रिकामटेकडी बैठक लागते, ती कुठे घालायची?

बडोद्यात पहिल्याच आठवड्यात तत्त्वज्ञानाचा एक सीनियर कमानीखालच्या पायरीवर शेजारी येऊन बसला. काय वाचतोस म्हणाला, आणि आम्ही उठलो तेव्हा दिवे लागले होते. मधे कुणी हटकलं नाही. पुढे तीन वर्षं तीच पायरी. कंटाळा आला की चालत फाइन आर्ट्सला जाऊन मातीकाम करणाऱ्यांचे हात बघत उभं राहायचं, नाहीतर कमाटीबागेतलं म्युझियम. संस्कृतवाल्या मैत्रिणीने एकदा ओरिएंटल इन्स्टिट्यूटला नेलं. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती जिथे सिद्ध झाली ती जागा. एकेका श्लोकासाठी किती हस्तलिखितं ताडून बघतात हे तिने तिथे समजावलं, आणि इतिहासात 'पुरावा' म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. अभ्यासक्रमात ते कुठेच नव्हतं. संध्याकाळी सेव-उसळ खाऊन पायीच घरी.

माझा अनुभव जुना आहे, आणि पुण्यात मी एकच कॉलेज आतून पाहिलं. दुसरीकडे मोठी झाडं आणि मोकळे कट्टे असतीलही. शिवाय घर सोडून राहण्याने मूल जे शिकतं, ते घरी राहून शिकत नाही, हेही मान्य. तरीही मुलगी वाचणारी असेल, चार लोकांत बोलून विचार करणारी असेल, तर माझं मत बडोद्याकडे झुकतं.

फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडे एकदा जाऊन या. सकाळी नको, तेव्हा सगळीच कॉलेजं छान दिसतात. दुपारी दोनला जा, मुलीच्या हातात एक पुस्तक द्या, आणि तासभर तिला कुठेतरी बसू द्या. कुणी उठवतं का बघा.