चार वर्षांच्या मुलीचा पहिला क्रीडावर्ग: लातूरमधील एका वर्गाविषयी

मुलाला क्लास लावणे ही लातूरकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला मोठे नाव दिले, पण त्याच सवयीने आपण बालवाडीतल्या मुलांच्या खेळाकडेही तयारी म्हणून पाहू लागलो आहोत. लवकर सुरुवात, एकच खेळ, रोजचा सराव आणि वर्षाखेरीस पदक अशीच अपेक्षा असते. आमच्या मुलीसाठी वर्ग शोधताना पाहिलेली बहुतेक ठिकाणे याच समजुतीवर चालत होती. शेवटी जिथे नाव घातले तो वर्ग वेगळा वाटला, म्हणून हा सविस्तर अभिप्राय. नाव मुद्दाम टाळले आहे, कारण असा वर्ग कसा पारखावा हे पालकांना अधिक उपयोगी पडेल.

एका शाळेच्या मैदानालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा वर्ग सकाळी, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास भरतो. मुले साडेतीन ते सहा वर्षांची असतात आणि त्यांना कोणताही एक खेळ शिकवला जात नाही. बेडूकउड्या, खडूच्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे, जमिनीवर ठेवलेल्या रिंगांमध्ये उड्या, कापडी चेंडू टोपलीत टाकणे, गादीवर ताईंच्या आधाराने कोलांटउडी असे प्रकार आलटून पालटून चालतात आणि चार-पाच मिनिटांत प्रकार बदलतो. मुलांचे छोटे गट करून त्यांना एकाच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यांत खेळवले जाते, त्यामुळे कोणीही रांगेत ताटकळत नाही. ही व्यवस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण या वयाचे मूल रांगेत उभे राहिले की त्याचे लक्ष खेळावरून उडते आणि दोष मात्र त्याच्या ‘चंचल’ स्वभावाला दिला जातो.

चेंडूच्या बाबतीत इथल्या ताईंची समज विशेष आहे. चार वर्षांच्या मुलाला वेगाने येणाऱ्या चेंडूचा वेग आणि दिशा यांचा अंदाज नीट येत नाही, कारण नजरेची आणि हाताची ती सांगड अजून बसलेली नसते. म्हणून चेंडू हातातून सुटला तर ‘लक्ष कुठे आहे?’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. इथे आधी मोठा, मऊ चेंडू जमिनीवरून घरंगळत देतात, मग टप्पा पाडून, आणि त्यानंतरच हळूच खालून फेकतात. आमची मुलगी सुरुवातीला चेंडू आला की डोळे मिटत असे. आता ती दोन्ही हात पुढे करून उभी राहते.

लंगडीही अशीच टप्प्याटप्प्याने शिकवली जाते: प्रथम भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, मग जागच्या जागी उडी, मग दोन पावले पुढे. शेडबाहेर खो-खोचे दोन खांब आहेत आणि मुले त्यांना वळसे घालत पळतात. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यामुळे अनेक पालकांना वाटते की मुलांनी आत्ताच ‘खरा’ खो-खो खेळावा. परंतु एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलायची नाही, योग्य वेळी खो द्यायचा, हे नियम डोक्यात ठेवून धावणे चार वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे. खांबाला वळसा घालताना पाय कुठे ठेवावा, वेग कधी कमी करावा, एवढे त्याला पुरते.

वर्गाला जाऊन आले म्हणजे व्यायाम झाला, असा समज पालकांनी करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यांपैकी किमान 60 मिनिटे ती चांगली दमवणारी असावी. या हिशेबात पाऊण तासाचा वर्ग थोडाच भाग व्यापतो. उरलेला वेळ अंगणात, गच्चीवर किंवा गल्लीतच मिळायला हवा, आणि ताई घरी खेळायचे प्रकारही सांगतात.

इतर पर्यायांपैकी क्रिकेटच्या वर्गात लहानांचा बराच वेळ पाळीची वाट पाहण्यात जात होता. स्केटिंग मुलांना आवडते, पण हेल्मेट आणि गुडघे, कोपर व मनगटांची संरक्षक साधने धरता सुरुवातीलाच खर्च बराच होतो. पोहण्याविषयी मात्र माझे मत आग्रही आहे. आपल्याकडे विहिरी आणि शेततळी जागोजागी आहेत, आणि शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की मोठ्या माणसालाही काठावर चढणे कठीण जाते. साधारण चार वर्षांपासून बहुतेक मुले पोहण्याचे प्राथमिक धडे घेऊ शकतात, अर्थात मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच, आणि पोहता येऊ लागले तरी मुलावरची नजर हटवू नये. अडचण पाण्याची आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात जलतरण तलाव दरवर्षी भरलेला असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून पाणी असेल त्या वर्षी ही संधी सोडू नये.

आता वर्गाच्या उणिवा. उन्हाळी सुट्टीत मुलांची संख्या एकदम वाढली, शिकवणाऱ्या ताई मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि कोलांटउडीच्या वेळी आधाराचा हात प्रत्येक मुलापर्यंत पोहोचेना. एप्रिलमध्ये सकाळी आठलाच पत्रा तापू लागतो, तरी वेळ अलीकडे आणली गेली नाही. स्वच्छतागृह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे, जे या वयाच्या मुलांसाठी फार लांब पडते. सर्वांत खटकली ती वर्षाखेरीची धावण्याची शर्यत. वर्षभर तुलना टाळणाऱ्या वर्गाने त्या दिवशी पहिल्या तिघांना पदके दिली, आणि मागे राहिलेली काही मुले पुढच्या आठवड्यात पळायलाच तयार नव्हती. सर्वांना एकसारखे बक्षीस द्यावे किंवा शर्यतच ठेवू नये, असे मी लेखी कळवले आहे.

एवढे असूनही साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मी हा वर्ग सुचवीन. सुट्टीतले शिबिर टाळून जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नियमित बॅचला नाव घालावे. शुल्क तीन महिन्यांचे आगाऊ घेतात आणि परत देत नाहीत, त्यामुळे आधी एक दिवस मुलाला नुसते बसवून पाहण्याची परवानगी मागावी. ती विनाशुल्क मिळते. त्या वेळी एका ताईकडे किती मुले आहेत ते मोजावे, आणि वर्ग सुटल्यावर मुलाला पुन्हा यायचे आहे का, हे त्यालाच विचारावे.