ढगळ झालेले कपडे आणि व्हॅक्यूम बॅगा : सव्वा वर्ष वापरून

कपडे ठेवायच्या व्हॅक्यूम बॅगा असतात ना, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या, वर गोल झाकणाचा व्हॉल्व्ह असलेल्या, त्यांच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. बहुतेक लोक त्या ब्लँकेटं ठेवायला घेतात. मी घेतल्या वजन उतरल्यावर ढगळ झालेल्या कपड्यांसाठी. दीड वर्षात २७ किलो कमी झालं आणि कपाटात अशी परिस्थिती की पुढे लटकलेलं काहीच अंगाला बसत नाही आणि जे बसतं ते खुर्चीवर, कारण ठेवायला जागाच नाही. टाकवत तर काहीच नव्हतं. म्हणून सहा बॅगांचा सेट घेतला.

वापरायला सोप्या आहेत. कपडे घडी करून भरायचे, तोंडाला डबल झिप असते तिच्यावरून सोबतची छोटी क्लिप दोनदा फिरवायची, मग व्हॉल्व्हवर व्हॅक्यूम क्लीनरची नळी दाबून धरायची, मिनिटाभरात सगळा ढीग फळीसारखा कडक आणि सपाट होतो. प्लास्टिक साधं नसतं, पॉलिअमाइड आणि पॉलिथीन असे थर असतात, पॉलिअमाइड हवा अडवतं आणि पॉलिथीनमुळे कडा गरम करून चिकटवता येतात. जागा खरंच खूप वाचते. वजन मात्र तेवढंच राहतं हे लक्षात ठेवा, मोठी बॅग गच्च भरली तर वरच्या कप्प्यात एकट्याने चढवता येत नाही.

सहापैकी दोन बॅगा तीन आठवड्यांत परत फुगल्या. एकीच्या झिपच्या खाचेत लोकरीचा धागा अडकला होता, तो काढून परत बंद केल्यावर ती नीट राहिली. दुसरीला जीन्सच्या चेनचं टोक लागून बारीक भोक पडलं होतं, त्याला चिकटपट्टी लावून पाहिली पण उपयोग झाला नाही. म्हणून चेन, हुक, बटणं सगळं आतल्या बाजूला घडी करून भरा.

आता मी ते कपडे ठेवले कशाला, तर भीतीने. वजन परत वाढलं तर काय घालायचं? मला एकजण म्हणाली की मोठे कपडे ठेवणं म्हणजे परत जाड व्हायची तयारी ठेवणं, आणि ते वाक्य मला इतकं लागलं की त्या रात्री झोप नाही आली. हे मला अजिबात पटत नाही. चरबी कमी झाली की लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचं मेंदूला कळवणारं चरबीतलं हार्मोन, कमी होतं, भूक वाढते, शरीर आधीपेक्षा कमी कॅलरी जाळायला लागतं, म्हणजे शरीर स्वतःच वजन परत आणायला बघत असतं, त्यात माणसाच्या मनाचा कमकुवतपणा कुठे आला? भीती खरी आहे आणि तिला मान द्यायला हवा. त्यामुळे वजन अजून हलतंय तोवर कपडे बाजूला ठेवायला बॅग उत्तमच आहे, घाईत सगळं देऊन टाकू नका असंच मी सांगेन.

माझी चूक वेगळी होती. वजन स्थिर होऊन सहा महिने झाले, आठ झाले, तरी मी बॅगा उघडल्याच नाहीत. दिसत नव्हते म्हणून विचारही येत नव्हता. शेवटी चौदा महिन्यांनी माझी धाकटी बहीण आली आणि म्हणाली, "ताई, काढ त्या खाली, मी आहे ना."

उघडल्यावर जे निघालं ते बघून खरंच वाईट वाटलं. दोन पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी पिवळ्या पडलेल्या. ठेवताना स्वच्छ दिसत होत्या, पण घामाचं आणि त्वचेचं तेल कापडात थोडं राहतं आणि काही महिन्यांनी पिवळं होतं. पँटच्या कमरेचं इलॅस्टिक ताणलं तर करकर वाजलं आणि परत आलंच नाही. जाड कोटाच्या आतलं भरण चपटं झालेलं, आठवडाभर हँगरवर ठेवून झटकलं तरी पहिल्यासारखं नाही फुगलं. एका बॅगेत कुबट वास, कारण भरताना एक टी-शर्ट किंचित ओला राहिला असणार, बॅगेतून हवा जाते पण ओल आतच कोंडते. लोकरीला कसर लागली नव्हती तेवढं बरं, लोकर खातात त्या अळ्या आणि बॅग बंद असेल तर बाहेरून त्या आत येत नाहीत. म्हणजे धूळ आणि कीड यांच्यापासून बॅग वाचवते, पण कपडा आत जुना होतच राहतो. मी ज्या दिवसासाठी जपत होते तो दिवस आला असता तरी यातले निम्मे अंगावर घालण्यासारखे राहिले नव्हते.

आणि त्यातले कितीतरी ठेवताना अगदी चांगले होते! हे मला सगळ्यात जास्त लागलं. मोठ्या साइजमध्ये धड शिवलेला, ऑफिसला घालता येईल असा शर्ट शोधणं काय असतं ते मी वर्षानुवर्षं केलंय, ट्रायल रूममधून रडत बाहेर आलेय, आणि तसेच शर्ट मी हवा काढून वर ठेवून दिले होते, कुणाच्याच उपयोगी न पडता.

मग आम्ही दोघी बसलो. जीन्स अल्टर होतील असं वाटलं होतं पण कंबर दोनेक इंचांपेक्षा जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात, आणि शर्ट-कोटाला बाजूने शिवण मारता येते, खांदा उतरला असेल तर बाही काढून परत लावावी लागते, त्यापेक्षा दिलेला बरा. दोनच शर्ट शिवून घेतले. खराब झालेले पुसायच्या फडक्यांना गेले. चांगले निघाले ते धुऊन, बटणं तपासून, प्रत्येकाला साइजची चिठ्ठी लावून ठेवले.

ओळखीत एक बाई आहे, माझ्या जुन्या मापाची. तिला विचारायला जीभ उचलत नव्हती, अपमान वाटला तर? शेवटी सरळ म्हटलं, हे मला सैल होतात, चांगल्या स्थितीत आहेत, तुम्हाला आवडले तर बघता का, नाही म्हणालात तरी मला काही वाटणार नाही. त्यांनी सात कपडे निवडले, निळा शर्ट आरशासमोर धरला आणि विचारलं की असा कट कुठे मिळतो.

राखाडी स्वेटर मात्र मी दिला नाही. तो घालून मी पहिल्या दिवशी चालायला बाहेर पडले होते, दहा मिनिटांत दम लागला होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी गेले होते. ते शरीरही माझंच होतं आणि त्याच शरीराने मला इथवर आणलंय. बहीण काही बोलली नाही, तिने तो घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

बॅगांना माझ्याकडून ५ पैकी ३. घ्यायच्या असतील तर झिप डबल आहे ना आणि व्हॉल्व्हचं झाकण घट्ट बसतं ना ते बघा, कपडे धुऊन पूर्ण वाळवून भरा, लोकर आणि भरणाचे कोट शक्यतो नकोच, आणि बॅगेवर मार्करने उघडायची तारीख घाला, सहा महिन्यांच्या पुढची नको. माझी आता एकच बॅग भरलेली आहे, तीही अर्धी, आत्ताच्या मापापेक्षा एक साइज मोठे दोन जोड आहेत तिच्यात. स्वेटर बाहेर हँगरवर आहे.