'ब्लू रेव्ह' की 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड': एकच घ्यायचा असेल तर

२०२२ साली तीन आठवड्यांच्या अंतराने दोन अल्बम आले. १६ सप्टेंबरला ऑकलंडच्या 'द बेथ्स'चा 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' आणि ७ ऑक्टोबरला टोरांटोच्या 'ऑल्वेज'चा 'ब्लू रेव्ह'. दोन्ही बँडचा हा तिसरा अल्बम. दोन्हीकडे गायिका पुढे, गिटार भरपूर, आणि चाली अशा की दुसऱ्या दिवशी भलत्याच कामात असताना ओठांवर येतात. त्यामुळे या प्रकारच्या गाण्यांत नव्याने शिरणारा माणूस हमखास या दोहोंपाशी येऊन अडतो. दोन्ही ऐका, हे उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. रेकॉर्ड विकत घ्यायची असते, कुणाला भेट द्यायची असते, तेव्हा एकच उचलावा लागतो. मीही एकच उचलला. कोणता, ते पुढे कळेलच. पण दुसऱ्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

समीक्षकांचं मत विचाराल तर पारडं उघडच 'ब्लू रेव्ह'कडे झुकेल. वर्षाखेरीच्या याद्यांत तो सगळीकडे होता, आणि त्यातल्या 'बेलिंडा सेज'ला पुढे ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. हे कौतुक उगाच नाही. २०१७च्या अल्बमनंतर या बँडमागे साडेसातीच लागली होती. गायिका मॉली रँकिनच्या घरी चोरी होऊन डेमो, म्हणजे गाण्यांचे कच्चे मसुदे, भरलेला रेकॉर्डर गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी शिरून वाद्यं वाया जाता जाता वाचली. मग महासाथीत सीमा बंद झाल्या आणि तालमीच होईनात. इतकं सोसून आलेला अल्बम थकलेला वाटला असता तरी लोकांनी समजून घेतलं असतं. पण हा अजिबात थकलेला नाही. १४ गाणी, तीही ४० मिनिटांच्या आत. एक संपतंय न संपतंय तोच दुसरं अंगावर येतं.

ही ऊर्जा कुठून आली, याचा किस्सा निर्माता शॉन एव्हरेटशी जोडलेला आहे. त्याने बँडला अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवायला लावला, तोही दोनदा. दोन गाण्यांच्या मध्ये फक्त १५ सेकंद. त्यानंतर त्याने आणि बँडने मिळून त्या कच्च्या मालावर बराच काळ काम केलं, थरांवर थर चढवले, गुळगुळीत जागा मुद्दाम खरवडल्या. म्हणजे हाडं जिवंत वादनाची आणि वरचं कातडं स्टुडिओचं. 'फार्मासिस्ट'च्या शेवटी गिटार ज्या तऱ्हेने बेभान होते, ते ऐकताना हे दोन्ही एकदम जाणवतं.

आणि माझी कुरकुर नेमकी त्या कातड्याबद्दल आहे.

रँकिनचा आवाज त्या थरांखाली जातो. नळ सुरू असताना दुसऱ्या खोलीतून कुणी बोलावं, तसं होतं: बोलणारी कोण ते कळतं, सूर कळतो, ती चिडली आहे की हसते आहे तेही कळतं, पण काय म्हणाली ते कळत नाही. मग मी आवाज वाढवतो. शब्द जरा वर येतात, तेवढ्यात ध्रुवपद येतं आणि गिटारची भिंत कानावर कोसळते. मग कमी करतो. पुढचा अंतरा आला की पुन्हा वाढवतो. अख्खा अल्बम असा एक हात आवाजाच्या बटणावर ठेवूनच ऐकावा लागतो. हेडफोन बदलून पाहिले, स्पीकरवर लावून पाहिलं, रात्री शांततेत ऐकलं. फरक पडतो, नाही असं नाही, पण हात बटणावरून निघत नाही. 'व्हेरी ऑनलाइन गाय'मध्ये तर आवाज इफेक्टमधून काढून मुद्दामच वाकवला आहे. तिथे तक्रार करण्यात अर्थ नाही, तो त्या गाण्याचा विनोदच आहे. पण 'प्रेस्ड' किंवा 'पोमेरेनियन स्पिन्स्टर'सारख्या धावत्या गाण्यांत रँकिन काहीतरी फार तिरकस, मजेशीर बोलते आहे हे दिसत असतं आणि ते निसटत राहतं.

कुणी म्हणेल, या घराण्यात असंच असतं. धूसर गिटारच्या संगीताची ती रीतच आहे. तिथे आवाज हे आणखी एक वाद्य. मान्य. तुमचा कान त्या गुंगीत रमत असेल तर ही माझी कुरकुर तुमच्यासाठी गुणच ठरेल, आणि मग पुढचं वाचण्याचीही गरज नाही, सरळ 'ब्लू रेव्ह' घ्या. माझा कान मात्र शब्दप्रधान गाण्यांवर पोसलेला. आणि खरं दुःख असं की रँकिन काही शब्दांच्या बाबतीत पाट्या टाकणारी नाही. शब्द छापील हातात घेऊन ऐकलं की 'बेलिंडा सेज'मधली ती गरोदर तरुण मुलगी, गावाकडे जाऊन नव्याने सुरुवात करायचा तिचा बेत, शेवटी गाण्याची पट्टीच वर चढते तेव्हा तिच्या स्वप्नाला फुटलेले पंख, सगळं लख्ख उभं राहतं. अंगावर काटा येतो. पण हातात कागद घेऊन किती वेळा ऐकणार?

'द बेथ्स'कडे ही अडचणच नाही. एलिझाबेथ स्टोक्स गाते ती जवळजवळ बोलल्यासारखी: साधा, सरळ, न थरथरणारा आवाज, न्यूझीलंडचे उच्चार न लपवता. मिक्समध्ये, म्हणजे गळा आणि वाद्यं यांच्या अंतिम जुळवणीत, आवाज पुढे, गिटार कितीही पेटली तरी शब्द शाबूत. गंमत अशी की हा अल्बमही काही निवांतपणे झालेला नाही. बँडचाच गिटारवादक जोनाथन पिअर्स याच्या ऑकलंडमधल्या कारांगाहापे रोडवरच्या स्टुडिओत २०२१च्या उत्तरार्धात काम सुरू झालं, मध्ये काही महिन्यांची टाळेबंदी आली, आणि मिक्सिंग पुढच्या वर्षी दौऱ्यावर असताना, शेवटी लॉस एंजेलिसमध्ये तीन दिवसांच्या धावपळीत संपलं. तीन दिवसांच्या धावपळीतून एवढी स्वच्छता निघते, हे ऐकून मला एव्हरेटच्या थरांची थोडी कीवच आली.

शीर्षकगीताची कल्पनाच घ्या. नातं संपलं, पण त्या माणसाबद्दलचं तुमचं सगळं ज्ञान शिल्लक आहे: सवयी, आवडीनिवडी, कशाने बिनसतं. या विषयातले तुम्ही तज्ज्ञ, आणि विषयच अभ्यासक्रमातून गेला. ही कल्पना पहिल्याच ऐकण्यात पोचते, कारण ती ऐकू येते! 'नीज डीप'मध्ये थंड पाण्यात सूर मारणाऱ्यांकडे बघत गुडघाभर पाण्यातच घुटमळणारी मुलगी आहे. 'सायलेन्स इज गोल्डन' हे शांततेची भीक मागणारं गाणं असून अल्बममधलं सगळ्यात कर्कश गाणं आहे, आणि ट्रिस्टन डेकचा ड्रम त्यात जो कडकडाट करतो त्याने ती मागणी रास्त वाटते.

शिवाय मागचे आवाज. स्टोक्सने एक ओळ टाकावी आणि बाकीच्यांनी ती वरच्या सुरात झेलावी, हा या बँडचा हातखंडा. स्टोक्स, पिअर्स आणि बासवर असलेला बेंजामिन सिंक्लेअर, तिघेही ऑकलंड विद्यापीठात जॅझ शिकलेले. त्यात स्टोक्स तर ट्रम्पेटवाली. गाण्यात जॅझचा मागमूस नाही, पण कुणाच्या वाटेत कुणी येत नाही ही शिस्त बहुधा तिथलीच असावी. हा माझा अंदाज.

दोष नाहीत का? आहेत. १२ गाणी पाऊण तासाच्या आसपास जातात, आणि मधल्या टप्प्यात दोन-तीन गाणी एकमेकांच्या कपड्यांत वावरतात. 'ब्लू रेव्ह'मध्ये असा कंटाळा येऊच शकत नाही; तिथे 'टाइल बाय टाइल'च्या सिंथच्या धुक्यातून बाहेर पडता न पडता पंकचा दणका बसतो. 'वेल्व्हटीन'च्या शेवटी रँकिन जिथवर चढते, तिथे स्टोक्स जायचा प्रयत्नही करणार नाही. सर्वोच्च क्षण मोजायचे तर 'ब्लू रेव्ह'कडे ते जास्त आहेत, हे मी नाइलाजाने नव्हे, खुशीने मान्य करतो. 'आफ्टर द अर्थक्वेक'मध्ये मध्येच सगळं थांबतं, आवाज एकटा उरतो, आणि मग सगळा बँड पुन्हा कोसळतो. ती जागा माझ्या फार आवडीची. आता ती आवडते ते आवाज एकटा उरतो म्हणून, हे वेगळं.

पण अल्बम घरात राहायला येतो तेव्हा सर्वोच्च क्षणांवर भागत नाही. भांडी घासताना, प्रवासात, कुणाशी बोलता बोलता, अर्धवट लक्ष देऊनही जो आपलं म्हणणं पोचवतो तो जास्त वाजतो. माझ्याकडे 'बेथ्स'ची रेकॉर्ड आहे, आणि 'ब्लू रेव्ह' मी स्ट्रीमिंगवर, शब्द पडद्यावर उघडून ऐकतो. तुमच्याकडे चांगली यंत्रणा असेल, बसून ऐकायला वेळ असेल, तर हिशोब उलटाही लागू शकतो. भेट द्यायची असेल आणि समोरच्याची आवड नक्की माहीत नसेल, तर मात्र मी फारसा विचार न करता 'एक्स्पर्ट' देईन.

या दोन्हींत गिटार जरा जास्तच होते असं वाटलं, तर 'द लेमन ट्विग्स' या दोन भावांच्या बँडचा २०२४चा 'अ ड्रीम इज ऑल वी नो' ऐकून पाहा. साठच्या दशकातली चकाकी, आणि आवाजांची गुंफण इतकी नेटकी की कधीकधी गुदमरायला होतं. मला एका वेळी अर्धाच पुरतो. 'बेथ्स' आवडले तर २०२५चा 'स्ट्रेट लाइन वॉज अ लाय' आहेच. आणि 'ऑल्वेज'च्या चाली पटल्या पण माझ्यासारखा हात बटणावर जात असेल, तर 'ब्लू रेव्ह' बाजूला ठेवून आधी त्यांचा २०१७चा 'अँटिसोशलाइट्स' लावा. तिथे रँकिन काय म्हणते ते ऐकू येतं.