दारू पूर्ण सोडावी की कमी करावी? मेंदूच्या दृष्टीने तुलना

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणारा माणूस बदलायला तयार होतो, तेव्हा त्याच्यापुढे आणि घरच्यांपुढे हाच पेच उभा राहतो.

मेंदूची झीज पाहिली तर पूर्ण सोडणे निःसंशय सरस आहे. अतिमद्यपानाने कपाळामागच्या भागातील चेतापेशींनी बनलेले करडे द्रव्य घटते, मेंदूच्या भागांना जोडणारे पांढरे द्रव्य खालावते आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू आकसतो. म्हणूनच असा माणूस न पिताही पाय फाकवून, तोल सावरत चालताना दिसतो. दारू थांबल्यावर काही आठवड्यांतच मेंदूचे आकारमान अंशतः भरून येऊ लागते, मात्र मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. प्रमाण घटवल्याने हानी कमी होते, पण सुधारणेला एवढा वाव मिळत नाही.

धोक्याच्या बाबतीत चित्र उलटते. एकाएकी सोडल्यास पहिल्या 6 ते 48 तासांत आकडीचे झटके येऊ शकतात आणि पुढे अंगाच्या थरथरीसह जीवघेणा भ्रमही होऊ शकतो.

थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व; त्याच्या कमतरतेचा धोका दोन्ही मार्गांवर सोबत असतो. गोंधळ, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड किंवा तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. थायमिनचे इंजेक्शन लांबले तर स्मृती कायमची जाऊ शकते.

दारूशिवाय राहता न येण्याइतके अवलंबित्व जडलेल्यांनी, तसेच स्मृती किंवा चाल बिघडलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण सोडावी. अवलंबित्व नसलेल्यांना, किंवा पूर्ण सोडण्याची तयारी अजून नसलेल्यांना, प्रमाण घटवणे ही सुरुवात म्हणून योग्य आहे.