वाटेत तडकलेली जुनी वेब्ली: मूठ चिकटवायची, नवी बसवायची की शोभेला ठेवायची?

पुण्याच्या काकांनी सत्तरी ओलांडल्यावर आजोबांची वेब्ली, म्हणजे बर्मिंगहॅमचं जुनं रिव्हॉल्वर, माझ्या नावावर करायचं ठरवलं. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये तशी सोय आहे, लायसन्सवाला ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं की तो हयातीतच वारसाला देऊ शकतो. तर सगळे कागद रीतसर करून, डीलरमार्फत वेब्ली ग्वाल्हेरला आली आणि खोका उघडला तर डाव्या मुठीची पट्टी खालच्या कोपऱ्यातून तडकून दोन तुकडे. आत नुसते वर्तमानपत्राचे बोळे, त्यात ती सगळा रस्ता आपटत आली असणार. आईने ते तुकडे रुमालात बांधून देवघराशेजारच्या कपाटात ठेवले आणि म्हणाली, आधी नीट चौकशी कर, घाईत काही करू नकोस. ती चौकशी मी दोन महिने केली, तुमच्याकडेही घरातलं असं काही वाटेत मार खाऊन आलं असेल तर ठरवायला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, मूठ तडकली म्हणजे मार फक्त मुठीलाच बसला असं समजू नका. वेब्ली मधून मोडून उघडते, नळी आणि सिलेंडर बिजागरीवर खाली झुकतात आणि बंद केल्यावर वरचा लॅच तिला घट्ट धरतो. तो लॅच किंवा बिजागरी जराशी जरी सरकली असेल तरी बाहेरून कळत नाही, म्हणून गनस्मिथने आतून तपासून दिल्याशिवाय त्यात गोळी घालायचा विचारसुद्धा करायचा नाही. आणि गनस्मिथ म्हणजे लायसन्सवालाच, कारण आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे हत्यार न्यायचं नाही, तो पण अडकतो आणि आपण पण.

आता मूठ. माझ्या वेब्लीच्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या आहेत, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेला माल, जुन्या एबोनाइटच्या फाउंटन पेनांचा असतो ना तोच. उन्हाने तो काळ्याचा तपकिरी होतो आणि वय झालं की काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून धक्क्याने वाकत नाही, सरळ तुटतो.

चिकटवायचं म्हटलं तर दोन गोंद समोर येतात. झटपट चिकटणारा गोंद सोपा वाटतो पण त्याची वाफ काळ्या पट्टीवर पांढरी झाक सोडते आणि तो जोड स्वतःच कडक, ठिसूळ, म्हणजे पुढच्या धक्क्याला परत तिथेच. अॅराल्डाइटसारखा दोन ट्यूबवाला, सावकाश सुकणारा गोंद त्यापेक्षा खूप बरा, त्यात चिमूटभर काजळी कालवली की जोडाची रेघ काळ्यात मिसळून जाते आणि पट्टीच्या आतल्या बाजूने कापडाची पातळ चिंधी गोंदात भिजवून लावली की जोडाला आधार मिळतो. माझी पट्टी अशीच जोडली. हातात धरून बारकाईने बघितलं तर रेघ दिसते, दुरून नाही. एक मात्र, चिकटवायच्या आधी पट्टी गरम पाण्याने धुवायची नाही, गरम पाण्याने व्हल्कनाइटचा रंग आणखी उतरतो, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली की झालं. आणि मुठीचा स्क्रू परत कसताना बेताने, जास्त आवळला तर नवा तडा तिथूनच सुरू होतो.

नवी पट्टी करायची तर लाकूड. आमच्याकडे शिसव सहज मिळतं, अक्रोड मागवावं लागतं, दोन्ही चांगली, पण लाकूड मुरलेलं हवं नाहीतर ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ४५ अंशाला ते आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, मग पट्टी आणि फ्रेममध्ये फट दिसायला लागते. व्हल्कनाइटला हा त्रास नाही. पण हत्यार खरंच वापरायचं असेल, वर्षातून चार वेळा का होईना नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं असेल, तर माझं मत लाकडाच्या बाजूने आहे, कारण जोडलेली जुनी पट्टी धक्के खात राहिली तर एक दिवस कायमची जाणार. लाकूड तुटलं तर दुसरं करता येतं, बर्मिंगहॅमची ती पट्टी परत मिळायची नाही.

तिसरा विचार आमच्या घरात भावाने काढला, की आता मोडलंच आहे तर लायसन्सची कटकट सोडून भिंतीवर लावू. इथे बरेच लोक फसतात. कायद्यातली सूट त्या जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही. तडकलेल्या मुठीची वेब्ली दुरुस्त होऊ शकते, म्हणजे ती भिंतीवर असली तरी लायसन्स लागणारच. कायमची निकामी करून घ्यायचा रस्ता आहे, पण तो परतीचा रस्ता नाही, एकदा आतून निकामी केली की आजोबांची वेब्ली म्हणून उरतं ते फक्त लोखंड. घरात वापरणारं कोणीच नसेल, पुढच्या पिढीला लायसन्स नकोच असेल, तर जरूर करा, तेही परवानगीने. आमच्याकडे ती वेळ नाही.

सगळ्यात जास्त मोह मला पडला तो पॉलिशचा. मूठ नीट होतेच आहे तर सोबत नवं ब्लूइंग, म्हणजे धातूवरचा तो निळसर-काळा थर, करून चकचकीत करून घेऊ असं वाटलं, कारण नळीवर प्रवासात दोन ओरखडे पण आलेत. गनस्मिथनेच थांबवलं मला आणि त्याचे मी आभार मानतो. नवं ब्लूइंग धरायला आधी पूर्ण धातू बफ करावा, म्हणजे घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि बफिंगमध्ये कडा गोल होतात, फ्रेमवरची पंखवाल्या गोळीची वेब्लीची खूण आणि प्रूफचे शिक्के पुसट होतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे, तिथे हत्यार तपासून हे शिक्के मारतात, ते गेले की जुन्या हत्याराची ओळखच गेली. आणि नंबर जर घासला गेला तर मामला आणखी गंभीर, हत्यारावरचा नंबर पुसणं आर्म्स ॲक्टच्या कलम ८ खाली गुन्हा आहे आणि लायसन्सवर तर तोच नंबर लिहिलेला असतो. दोन ओरखडे तेल लावून सांभाळता येतात. माझ्यासाठी हा विषय तिथेच संपला.

म्हणून मी दोन्ही केलं. जुनी पट्टी जोडून घेतली आणि तिच्या मापाची शिसवाची जोडी गनस्मिथमार्फतच करून घेतली, तीन आठवडे लागले. आता वेब्लीवर शिसव आहे आणि जुन्या दोन्ही पट्ट्या सुती कापडात गुंडाळून डब्यात, उन्हापासून लांब. ज्यांना फक्त सांभाळायची आहे, चालवायची नाही, त्यांनी शिसवाच्या खर्चात पडू नये, जोडलेली पट्टी पुरेशी आहे.

तुम्ही काहीही ठरवा, खोका उघडायच्या आधी आणि उघडताना फोटो काढा, पॅकिंग फेकू नका, डीलरकडून तड्याची नोंद लिहून घ्या. आमच्या चंबळच्या भागात लायसन्सवाले भरपूर, निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करायला रांगा लागतात, त्या वेळी पावतीवरही आधीची दुरुस्ती लिहून घ्या म्हणजे परत घेताना वाद नको. आणि घरी आल्यावर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात आतल्या आत गंज चढतो, हलकं तेल लावून सुती कापडात ठेवा, कुलपात.