दोन नंबरची स्ट्रॉबेरी: जॅमसाठी घ्यावी का?

फेब्रुवारी सरत आला की वाईपासून पसरणी घाटापर्यंत आणि साताऱ्याच्या मंडईतही स्ट्रॉबेरीचा एक वेगळा माल दिसू लागतो. खोक्यात नुसती ओतलेली, बारीक, वेडीवाकडी, देठाजवळ पांढरट राहिलेली फळं. हा दोन नंबरचा माल. पारदर्शक डबीत मांडलेल्या टपोऱ्या फळांपेक्षा त्याचा भाव बराच उतरलेला असतो. नुसती खायला ही स्ट्रॉबेरी यथातथाच, पण जॅमला पहिल्या नंबरपेक्षा सरस.

जॅम घट्ट बसतो तो फळातल्या पेक्टिनमुळे, आणि फळ जसं पिकत जातं तसा पेक्टिनचा जोर ओसरतो. स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी. लालबुंद, मऊ पडलेल्या फळात तर नावालाच. देठाशी पांढरट असलेल्या बारीक फळात पेक्टिनही बरं असतं आणि आंबटपणाही. शिवाय बारीक फळ न कापता टाकता येतं, शिजल्यावरही अख्खं राहतं. पण म्हणून सगळं खोकं कच्चं घेऊ नका, रंग आणि वास पिकलेल्या फळातूनच येतो. तीन भाग पिकलेली आणि एक भाग पांढरट, असा माल उत्तम.

खोकं घेताना आधी तळ बघा. पुठ्ठ्याला लाल ओल आली असेल तर खालचा थर गेला म्हणून समजा. वरचा थर सगळीकडेच देखणा असतो, त्यावर जाऊ नका. खालून मूठभर काढून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर पुढची गाडी आहेच. आंबूस वास आला तर फळ आंबायला लागलंय, ते कुठल्याही भावात महागच. देठं आणि खराब फळं मिळून किलोमागे 100 ग्रॅम घट ठीक आहे. 200 च्या वर गेली की स्वस्ताई संपली. जात विचारता आली तर कॅमारोसा मागा: गडद लाल, कडक, शिजून रंग टिकवणारी. स्वीट चार्ली गोड आणि मऊ, तिला लिंबू थोडं जास्त लागतं. सांगलीकरांना माल मिळेपर्यंत त्याचा बराच प्रवास झालेला असतो, तेव्हा घरी आणल्या दिवशीच साखर लावून टाका.

आता रीत. घरोघरच्या जुन्या वह्यांत जॅमचं प्रमाण ‘वाटीला वाटी’ असतं. मापाला ते सरळ दिसतं, वजनाला फसवतं. कापलेल्या स्ट्रॉबेरीची वाटी साखरेच्या वाटीपेक्षा हलकी भरते, त्यामुळे किलोभर फळाला सव्वा किलोच्या आसपास साखर पडते. जॅम बसतो, पण चव फक्त गोड. आमच्या घरात चालत आलेलं प्रमाण वजनाचं आहे: निवडलेली स्ट्रॉबेरी 900 ग्रॅम, साखर 675 ग्रॅम, लिंबाचा रस 40 मिली (दोन मध्यम लिंबं) आणि पेरू 250 ग्रॅम.

पेरू ही यातली खरी मेख. कडक, नुकताच पिवळा पडू लागलेला घ्यायचा. सालीबियांसकट पातळ काप करून 400 मिली पाण्यात अर्धा तास मंद उकळायचे आणि ओल्या मलमलीतून निथळू द्यायचे. फडकं पिळायचं नाही. पिळलं की पाणी गढूळ होतं आणि जॅमचा तजेला जातो. निथळलेलं पाणी आटवून 100 मिलीवर आणा. हेच तुमचं पेक्टिन. स्ट्रॉबेरीपुढे पेरूची चव उरत नाही. राहिलेला गर चाळणीतून काढून त्याची वडी होते, म्हणजे तेही वाया जात नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठंही मिळतात आणि त्यांच्यात पेक्टिन भरपूर, पण ती रंग मळवतात. पेक्टिन पावडर वापरायचीच तर कोरड्या साखरेत मिसळून घाला. थेट रसात पडली तर गुठळ्या होतात, आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

स्ट्रॉबेरी धुऊन मग देठं काढा. उलटं केलं तर फळ आत पाणी पितं आणि ते आटवायला गॅस जातो. मोठी फळं अर्धी करून साखर लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पातेलं रसाने भरलेलं दिसेल. भांडं स्टीलचं, जाड बुडाचं, पसरट घ्या. ॲल्युमिनियमचं नको, आंबट रस त्याला लागतो. भांडं एक तृतीयांशच भरा, कारण जॅम उकळताना दुधासारखा वर येतो. पेरूचं पाणी आणि लिंबाचा निम्मा रस सुरुवातीला घाला, साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवा आणि कडेचे साखरेचे कण ओल्या चमच्याने आत लोटा. ते राहिले तर महिन्याभरात जॅम साखरतो. मग आच मोठी. घाबरून मंद आचेवर तासभर रटरटवत ठेवलं तर रंग विटकरी होतो आणि पेक्टिन तुटतं.

सुरुवातीचे बुडबुडे बारीक, फेसाळ असतात. पंधरा-वीस मिनिटांनी फेस बसतो, बुडबुडे मोठे आणि जड होतात, आवाज बदलतो आणि थेंब हातावर उडायला लागतात. आता लिंबाचा उरलेला रस घाला आणि परीक्षा घ्या. पाकाची तार बघू नका, ती इथे फसवते. फ्रीजरमधल्या स्टीलच्या ताटलीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. पृष्ठभागाला सुरकुती पडली की गॅस बंद. परीक्षा चालू असतानाही गॅस बंद ठेवायचा, नाहीतर तेवढ्यात जॅम पुढे जातो.

थर्मामीटर असेल तर पुस्तकातला 105 अंशांचा आकडा विसरा, तो समुद्रसपाटीचा आहे. पाणी साताऱ्यात साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं, पाचगणीत 96 ला. आपल्या चुलीवर पाणी कितीला उकळतं ते पाहून त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. साताऱ्यात 102 च्या सुमाराला जॅम तयार होतो. 105 ची वाट पाहिलीत तर चमचा उभा राहील.

लगेच बाटलीत भरला तर फळं वर तरंगतात. दहा मिनिटं थांबा, ढवळा, मग उकळून कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत भरा. लोणच्याच्या बाटलीचं झाकण चालत नाही, कितीही घासा.

हिशेब असा. फळ किलोला 100 रुपयांनी मिळालं असं धरलं तर साखर 30, पेरू 20, लिंबं 10, गॅस 10. एकूण 170 रुपयांत साधारण 1 किलो 100 ग्रॅम जॅम. फळाचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमात इतर बहुतेक फळांच्या जॅममध्ये किमान 45 टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरीला 25 टक्के पुरतं. विकतच्या बाटलीवरचा तो आकडा वाचून मगच किमतीची तुलना करा.

साखर अर्धी करून आणखी स्वस्त होईल हा भ्रम आहे. तेवढाच घट्टपणा यायला जास्त आटवावं लागतं, हाती 800 ग्रॅमही येत नाही, आणि कमी आटवलं तर बुरशी धरते. गुळाचा करू नका. सांगलीचा गूळ कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढे स्ट्रॉबेरीची चव हरते.

दुसऱ्या दिवशीही जॅम पातळच राहिला तर आणखी 50 मिली पेरूचं पाणी आणि चमचाभर लिंबू घालून एकदा उकळा. दुसऱ्यांदा मात्र नको. तोवर रंग गेलेला असतो, त्यापेक्षा तो गार दुधात घालून संपवा.