वीसेक जीनोमसाठी पॅनारूच घ्या, रोअरी नको

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पाला उसाच्या मुळालगतची माती, दही, गुऱ्हाळावरचा रस असे नमुने सहज मिळतात. त्यातून एकाच स्पीशीजच्या जीवाणूंचे वीसेक जीनोम (प्रत्येकाचा संपूर्ण डीएनए) जमले की विचारायचं ते हेच: सामाईक जनुकं कोणती, आणि वेगळी कोणाकडे? यासाठी २०१५ पासून रोअरी हे सॉफ्टवेअर रुळलेलं आहे. आम्ही त्याऐवजी २०२० चं पॅनारू सुचवतो. दोन्ही मोफत, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) घालून कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकातून बसवा.

रोअरी झपाट्यानं चालतं, पण अ‍ॅनोटेशनमध्ये, म्हणजे जनुकं कुठे कुठे आहेत त्या नोंदीत, जे लिहिलंय ते खरं मानतं. शॉर्ट रीडच्या (डीएनएच्या छोट्या वाचलेल्या तुकड्यांच्या) असेंब्लीत, म्हणजे जोडणीत, कॉन्टिग (जोडून झालेला सलग पट्टा) मध्येच तुटला की एका जनुकाचे दोन तुकडे दोन जनुकं म्हणून मोजले जाऊ शकतात. शिवाय त्याची कोअरची (सामाईक जनुकांची) मर्यादा ९९ टक्के, म्हणजे २० जीनोममध्ये विसच्या वीस हवेत. एका जीनोममध्ये जनुक तुटलं, की ते कोअरमधून गेलं. पॅनारू शेजारशेजारच्या जनुकांचा आलेख (कोणाशेजारी कोण याचं जाळं) बांधून तुकडे जोडतं, हुकलेलं जनुक मूळ डीएनएत पुन्हा शोधतं, आणि कोअर अलाइनमेंटसाठी (कोअर जनुकांचे क्रम एकाखाली एक जुळवण्यासाठी) मर्यादा ९५ टक्के असल्यानं विसात १९ चालतात. क्षयाच्या जीवाणूत जनुकांची देवघेव जवळपास नसतेच, म्हणजे जादा दिसणारी वेगळी जनुकं बहुधा चुकाच असतात, त्यामुळे तिथं हा फरक फार ठळक दिसतो.

आता अडतं कुठे ते. एनसीबीआय या सार्वजनिक जीनोमसाठ्यावरून थेट उतरवलेल्या जीएफएफमध्ये (जनुकांच्या नोंदीच्या फाइलीत) डीएनएचा क्रम नसतो, म्हणून पॅनारू ती एकटी घेत नाही. सगळे जीनोम, उतरवलेलेसुद्धा, एकाच प्रोक्कातून (जनुकं ओळखून नोंदवणाऱ्या साधनातून) काढा. वेगवेगळी अ‍ॅनोटेशनं मिसळलीत तर साधनांमधला फरक उत्क्रांती म्हणून दिसेल. आधी एएनआय (दोन जीनोमच्या डीएनएतलं सरासरी साम्य) तपासा. ९५ टक्क्यांखालचा एक पाहुणा घुसला तरी कोअर आकसतं.

पॅनारूचा क्लीन मोड, म्हणजे संशयास्पद जनुकं किती कडकपणे गाळायची तो पर्याय, 'स्ट्रिक्ट' ठेवा. मात्र दुर्मीळ प्लास्मिडच (मुख्य गुणसूत्राबाहेरचे छोटे डीएनए) शोधत असाल तर 'सेन्सिटिव्ह', कारण स्ट्रिक्ट तीच जनुकं कचरा समजून काढू शकतं. कोअर अलाइनमेंट वेगळी मागावी लागते. हे विसरलं की उत्क्रांतीचा वृक्ष काढणाऱ्या आयक्यूट्रीला द्यायला हातात काहीच उरत नाही. वृक्ष आल्यावर एखादं जनुक दूरदूरच्या फांद्यांवर विखुरलेलं दिसलं, तर आडव्या हस्तांतरणाचा (जनुक वंशातून नव्हे, दुसऱ्या जीवाणूकडून आल्याचा) संशय घ्या, पण त्याच्या कॉन्टिगवरचे शेजारी पाहूनच.

अख्ख्या जीनसची (अनेक स्पीशीजच्या गटाची) तुलना असेल तर पॅनारू नको. प्रथिनांच्या फाइली घेऊन ऑर्थोफाइंडर चालवा.